ब्राझील पोर्तुगालपासून लढाई न करता सुटला, हे खरं आहे का?

अर्धंच खरंय. १८०७ मध्ये नेपोलियनचं सैन्य लिस्बनवर चालून आलं तेव्हा पोर्तुगालचा अख्खा दरबार जहाजात बसून ब्राझीलला पळाला आणि १८०८ पासून रिओच राजधानी झाली, म्हणजे वसाहतीतून साम्राज्य चालायला लागलं, असं दुसरीकडे कुठे झालेलं मला तरी माहीत नाही. १८२१ ला राजा परत गेला, मुलगा पेद्रो मागे राहिला. मग लिस्बनची संसद म्हणाली तूही ये आणि ब्राझील पुन्हा आधीसारखा आमच्या हाताखाली, ते लोकांना कसं पटणार! ७ सप्टेंबर १८२२ ला इपिरांगा नदीकाठी पेद्रोने स्वातंत्र्य जाहीर केलं.

पण ब्राझीलच्याच बाहिया प्रांतात पोर्तुगीज फौज हलेना, तिथे जुलै १८२३ पर्यंत खरी लढाई झाली. मारिया कितेरिया नावाची शेतकऱ्याची मुलगी पुरुषाचे कपडे घालून सैन्यात भरती झाली आणि लढली, ह्या लोकांना विसरून "शांततेत मिळालं" म्हणणं मला अजिबात पटत नाही. पोर्तुगालने मान्यता दिली १८२५ ला, तीही २० लाख पौंड भरपाई घेऊन. आणि गुलामांची सुटका व्हायला तर १८८८ उजाडलं.