गुडघ्याचा एसीएल (हाडांना जोडून गुडघा स्थिर ठेवणारा बळकट पट्टा, म्हणजेच एक लिगामेंट) पूर्ण तुटला आहे. शस्त्रक्रिया लगेच करावीच लागेल का, आणि पुन्हा कबड्डी खेळता येईल का?

लगेच करावीच लागते असे नाही. परंतु कबड्डीसारख्या, पाय रोवून अचानक वळावे लागणाऱ्या खेळात परतायचे असेल, तर बहुतेकांनी ती करून घेणे हिताचे असते आणि मैदानावर उतरण्यासाठी किमान नऊ महिने धरावेत. मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे आणि असे गुडघे रोज हाताळतो. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांचे आणि आधी व्यायाम करून गरजेपुरती नंतर शस्त्रक्रिया केलेल्यांचे गुडघे दोन वर्षांनी जवळपास सारखेच होते. दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक जणांना तोवर ती लागलीच नव्हती. शस्त्रक्रियेनंतर सुमारे ८० टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळात परततात, स्पर्धेच्या पातळीवर मात्र साधारण ५५ टक्केच. म्हणून तारखेपेक्षा पायाकडे पाहा: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवल्यावर गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, आणि एका पायावरची लांब उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरायला हवी. मांडी बारीक दिसत असताना केवळ स्पर्धा जवळ आली म्हणून खेळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

हे सारे एकट्या एसीएलबद्दल झाले. एकाहून अधिक लिगामेंट तुटले असतील किंवा गुडघा निखळला असेल, तर गुडघ्यामागच्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते; पाऊल थंड किंवा बधिर वाटल्यास त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा.