मॉनिटर जोडला की लॅपटॉपचा पंखा का घोंगावतो?

प्रश्न : मी नागपूरला राहते आणि एका प्रकाशनसंस्थेसाठी घरूनच अक्षरजुळणी व मुद्रितशोधनाचे काम करते. गेल्या दिवाळीत मुलाच्या आग्रहाखातर गेम खेळण्याजोगा, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घेतला. तो एकटा चालू असताना आवाज म्हणून करत नाही. परंतु दोन पाने शेजारी-शेजारी दिसावीत म्हणून घेतलेला २७ इंची फोर-के मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला की पाच मिनिटांच्या आत पंखा घोंगावू लागतो आणि कीबोर्डच्या वरची पट्टी हात लावू नये इतकी तापते. त्या वेळी वर्डची एक फाइल तेवढी उघडी असते. टास्क मॅनेजरमध्ये पाहिले तर प्रोसेसर चार-पाच टक्क्यांच्या वर जात नाही. दुकानदाराने कूलिंग पॅड घ्यायला लावले, त्याने फरक पडला नाही. दुरुस्तीवाले आता लॅपटॉप उघडून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वरच्या धातूपर्यंत पोहोचवणारा लेप) बदलू म्हणतात. हा बिघाड आहे का? पेस्ट बदलावी का?

उत्तर : पेस्टचा खर्च तूर्त करू नका. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्याच पत्रातील ‘तो एकटा चालू असताना आवाज म्हणून करत नाही’ या वाक्यात आहे. पेस्ट वाळली असती किंवा पंख्याच्या जाळीत धूळ बसली असती, तर लॅपटॉपने केबल जोडली आहे की नाही हे पाहिले नसते. व्हिडिओ पाहताना किंवा विंडोज अपडेट होत असतानाही तो असाच ओरडला असता. ज्या अर्थी आवाज केबलसोबत येतो आणि केबलसोबत जातो, त्या अर्थी आधी त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे लॅपटॉपच्या आत, काय आहे ते पाहायला हवे.

तुमच्या लॅपटॉपमध्ये चित्र तयार करणाऱ्या दोन चिप आहेत. एक प्रोसेसरच्याच पोटात असते, ती कमी विजेवर चालते आणि वर्ड, ब्राउझर, व्हिडिओ अशा रोजच्या कामाला पुरून उरते. दुसरी स्वतंत्र, स्वतःची मेमरी बाळगणारी, गेमसाठी दिलेली. अशा लॅपटॉपमध्ये साधारणतः त्याची स्वतःची स्क्रीन पहिल्या चिपला जोडलेली असते, आणि मोठे काम नसेल तेव्हा दुसरी चिप जवळजवळ पूर्ण बंद ठेवली जाते. एनव्हिडियाने २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ या नावाने आणलेली व्यवस्था हीच. मात्र पुष्कळ कंपन्या एचडीएमआय पोर्टची तार थेट या दुसऱ्या चिपला नेऊन जोडतात, कारण मोठ्या पडद्यावर गेम खेळणाऱ्या ग्राहकाला तेच सोयीचे असते. तुमच्यासारख्या मुद्रितशोधकाचा विचार त्यात कोणी केलेला नसतो.

मॉनिटर जोडताच या दुसऱ्या चिपला झोपता येत नाही. पडद्यावर पांढरे पान स्थिर असले तरी ते पान सेकंदाला ६० वेळा पुन्हा पाठवावे लागते. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० कोटी ठिपके. आकडा दडपून टाकणारा असला तरी गेमसाठी बनवलेल्या चिपच्या दृष्टीने हे काम किरकोळ आहे. तिला त्याचे ओझे होत नाही, तिला होते ते जागरण. झोपलेली असताना जी चिप जवळपास शून्य वीज घेत होती, ती जागी राहिली की काहीही न करता मॉडेलनुसार साधारण १० ते २० वॅट घेत राहते. हलक्या कामात तुमचा सगळा लॅपटॉप मिळूनच कदाचित तेवढी वीज घेत असेल. म्हणजे मॉनिटर जोडल्याने आतली उष्णता दुपटीच्या घरात जाते. त्यातून बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या सामाईक असतात, त्यामुळे एकीची ऊब दुसरीलाही लागते आणि दोन्ही बाजूंचे पंखे एकदम सुरू होतात.

टास्क मॅनेजरने तुम्हाला फसवले असे वाटेल, पण तसे नाही. तो प्रोसेसर किती कामात आहे ते टक्क्यांत सांगतो. कोण किती वॅट खाते हे टक्क्यांवरून कळत नाही. त्याच खिडकीत ‘परफॉर्मन्स’ या विभागात खाली जीपीयू ० आणि जीपीयू १ (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिप) अशा दोन नोंदी दिसतील आणि स्वतंत्र चिपच्या नोंदीखाली बहुधा तिचे तापमानही दिसेल. केबल काढून आणि जोडून, मध्ये दहा-दहा मिनिटे जाऊ देऊन, ते दोनदा कागदावर टिपून ठेवा.

आता मॉनिटर कोणत्या चिपला लागला आहे ते पाहण्याची सोपी रीत. सेटिंग्ज उघडून सिस्टीम, डिस्प्ले आणि मग खाली ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ येथे जा. वरच्या यादीतून दुसरा पडदा निवडला की त्याच्या माहितीत तो कोणत्या ग्राफिक्सला जोडलेला आहे ते नावासकट लिहिलेले असते. तेथे स्वतंत्र चिपचे नाव दिसले, उदाहरणार्थ एनव्हिडिया जीफोर्स, तर निदान झाले. चिप एनव्हिडियाची असेल तर तिच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सच्या सेटिंगचे पान आहे. फिजएक्स ही गेममधल्या हालचालींची गणिते करणारी सोय, तिच्याशी तुमचा काडीचाही संबंध नाही, पण त्या पानावर कोणते पोर्ट कोणत्या चिपला जोडले आहे याचे छोटे चित्र काढलेले असते, आणि इतकी उपयोगी माहिती इतक्या आडबाजूला का ठेवली असावी हे कोडे मला कधी सुटलेले नाही.

उपाय पुष्कळदा एका केबलचा असतो. लॅपटॉपवर टाइप-सी पोर्ट असेल आणि त्याच्याशेजारी डिस्प्लेपोर्टचे ‘डी’ आणि ‘पी’ जोडलेले चिन्ह किंवा थंडरबोल्टचा विजेसारखा बाण असेल, तर त्यातून चित्र बाहेर पडते, आणि अनेक मॉडेलमध्ये हे पोर्ट पहिल्या, कमी विजेच्या चिपला जोडलेले असते. सगळ्यांत नाही, म्हणून केबल विकत घेण्याआधी कोणाकडून तरी घडीभर मागून आणा, जोडा आणि ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मधले नाव बदलले का ते पाहा. केबल घेताना दोन गोष्टी सांभाळा. ती फोर-के चित्र ६० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, नेणारी असावी. स्वस्त केबल ३० हर्ट्झवरच थांबतात आणि मग माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. दुसरे असे की डिस्प्लेलिंक प्रकारचे, वेगळे ड्रायव्हर मागणारे अडॅप्टर घेऊ नका. ते चित्र प्रोसेसरकडून आवळून यूएसबीतून पाठवतात, त्यामुळे ग्राफिक्स चिपला विश्रांती मिळाली तरी तेच काम प्रोसेसरच्या गळ्यात पडते. ज्या लॅपटॉपला दुसरा पडदा जोडण्याची सोयच नाही त्यासाठी ते वरदान आहेत, तुमच्यासाठी नाहीत.

सर्वच पोर्ट दुसऱ्या चिपला जोडलेले निघाले, तर जागरण टळणार नाही, पण ते सुसह्य करता येते. लॅपटॉपसोबत आलेल्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये ‘सायलेंट’ किंवा ‘क्वाएट’ अशा नावाची पद्धत असते. ती निवडली की प्रोसेसरच्या विजेवर मर्यादा येते आणि पंखाही उशिरा वेग घेतो. अक्षरजुळणीत त्याने कामाचा वेग कमी झाल्याचे तुम्हाला जाणवणारही नाही. मॉनिटर ६० हर्ट्झपेक्षा अधिक वेगाचा असेल तर तो ६० वर आणा. मुलाने गेमसाठी ‘मक्स स्विच’ (स्क्रीन कोणत्या चिपला जोडायची ते ठरवणारी कळ) वापरून किंवा बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधून, लॅपटॉप कायम स्वतंत्र चिपवर ठेवला आहे का, हेही त्याला विचारा. तसे असेल तर लॅपटॉपची स्क्रीन आणि मॉनिटर दोन्ही एकाच चिपवर येतात, आणि एक १४४ हर्ट्झचा व दुसरा ६० हर्ट्झचा असला की आणखी एक अडचण उद्भवते : ग्राफिक्सच्या मेमरीला आपला वेग बदलायला दोन चित्रांमधली क्षणभराची उसंत लागते, दोन पडद्यांची उसंत एकाच वेळी पडत नाही, आणि म्हणून कित्येकदा ड्रायव्हर मेमरीला सतत वरच्या वेगावरच ठेवतो. अशा वेळी दोन्ही पडदे ६० हर्ट्झवर आणून पाहावेत.

कूलिंग पॅडबद्दल. ते निरुपयोगी नसते, पण ते चिपला झोपवू शकत नाही, आणि लॅपटॉपची हवा घेण्याची जाळी जेथे आहे तेथेच पॅडचा पंखा येईल असेही नाही. शिवाय कोणताही पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही देऊ शकत नाही. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि खोलीत ३६ अंश असताना तुमच्या पॅडने त्याच गरम हवेचा झोत मारला, इतकेच. लॅपटॉपची मागची कड दोन बोटे उचलली तरी पॅडचा बराचसा फायदा फुकटात मिळतो. माझ्या टेबलावर हे काम गेली कित्येक वर्षे दोन जुने दिवाळी अंक करत आहेत, फक्त ते जाळीखाली सरकणार नाहीत एवढे पाहावे लागते. विदर्भात उन्हाळाभर कूलर चालतो म्हणून एक सांगतो : लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. त्या झोतासोबत दमटपणा आणि पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि ते आत जाणे उष्णतेपेक्षा वाईट.

मॉनिटर न जोडताही आवाज येऊ लागला, पंख्याच्या सरसर आवाजाऐवजी घरघर किंवा टकटक ऐकू आली, किंवा काहीही उघडे नसताना प्रोसेसर ९५ अंशांवर टिकून राहिला, तर मात्र तो लॅपटॉप उघडण्याजोगा झाला असे समजा. तेव्हाही आधी धूळ काढून घ्या आणि त्यानंतरच पेस्टचे बोला. वॉरंटी चालू असेल तर हे काम कंपनीच्या केंद्रातच करून घ्या. ८० ते ८५ अंशांनी घाबरण्याचे कारण नाही, कारण लॅपटॉपचे बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करून सावरतात.

प्रश्न : बाहेरचा मॉनिटर वापरताना लॅपटॉपचे झाकण मिटून ठेवले तर तो कमी तापतो, असे मित्र म्हणतो. माझ्या लॅपटॉपवर उलट अनुभव आला. खरे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही अनुभव खरे असू शकतात. इंटेल प्रोसेसरच्या काळातील, स्वतंत्र ग्राफिक्स असलेल्या १५ आणि १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये बाहेरचा मॉनिटर जोडला की चित्राचे काम स्वतंत्र चिपकडेच जाते आणि लॅपटॉपची स्क्रीनही तिच्यावरच येते. तेथे झाकण मिटले की तिच्यावरचा एक पडदा कमी होतो आणि ती शांत होऊ शकते. तुमच्या मित्राचा लॅपटॉप या जातीचा असावा. याउलट ज्या लॅपटॉपमध्ये कीबोर्डच्या फटींतून हवा आत घेतली जाते किंवा बिजागरीपाशी गरम हवा बाहेर पडते, त्याचे झाकण मिटणे म्हणजे त्याचे नाक दाबणे होय, आणि ती गरम हवा स्क्रीनच्या खालच्या कडेलाही लागत राहते. तुम्ही झाकण उघडे ठेवून, विंडोज आणि पी ही बटणे दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा. लॅपटॉपची स्क्रीन बंद होईल आणि वारा मोकळा राहील. झाकण मिटल्यावरही लॅपटॉप चालू राहावा अशी सेटिंग केलेली असेल, तर पिशवीत घालण्यापूर्वी तो आठवणीने बंद करा.

प्रश्न : एकाच टाइप-सी केबलने मॉनिटरला चित्र जाते आणि मॉनिटरकडून लॅपटॉप चार्जही होतो. दिवसभर असे जोडून ठेवल्यास बॅटरी खराब होते का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : बॅटरीला जाच होतो तो उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेले असणे या दोहोंचा एकत्रितपणे. कंपनीच्या प्रोग्राममध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती सुरू करा, कारण तुमचा लॅपटॉप बहुतांश वेळ टेबलावरच असतो. मॉनिटर किती वॅट देतो तेही त्याच्या माहितीपत्रकात पाहा : तो ६५ वॅट देत असेल आणि लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर १०० वॅट किंवा अधिकचा असेल, तर जड कामात उरलेली वीज बॅटरीतून जाते आणि काम हलके झाले की ती पुन्हा भरली जाते, अशी बॅटरीची नाहक ये-जा दिवसभर चालू राहते. तसे होत असल्यास मूळ चार्जर लावा आणि मॉनिटरची केबल चित्रापुरती राहू द्या. टचपॅड दाबायला कडक लागू लागला, किंवा झाकण मिटल्यावर एका कोपऱ्यात फट राहू लागली, तर बॅटरी फुगत असण्याची शक्यता आहे. तेव्हा लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, फुगवटा दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका आणि तो दुरुस्ती केंद्रात नेईपर्यंत पुन्हा सुरू करू नका.