‘दोन दिवसांच्या वर स्टॉक ठेवू नका’ म्हणणाऱ्या ग्राहकाला काय सांगायचं?

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. भोसरीतलं वडिलांचं प्रेस शॉप (पत्रा दाबून पार्ट काढायचं वर्कशॉप), चाकणचा टियर-वन ग्राहक (गाडी कंपनीला थेट माल देणारा), आणि त्यांचा माणूस शेडमध्ये येऊन रॅककडे बोट दाखवत म्हणतो की बारा दिवसांचा तयार माल म्हणजे निव्वळ अडकलेला पैसा, दोन दिवसांवर आणा, आम्ही जस्ट-इन-टाइमवर, म्हणजे लागेल तेव्हाच लागेल तेवढा माल घेऊन, चाललोय. २०१६ साली माझ्याकडे अगदी हेच झालं. फरक इतकाच, की माझ्याकडे ग्राहकाने सुचवलेला सल्लागार आला होता. कानबान (माल वापरला की कार्ड पाठवून तेवढाच पुन्हा मागवणं), फाइव्ह-एस (कामाची जागा आवरून शिस्तीत ठेवणं) वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही. रॅक रिकामे करायची तारीख तुम्ही कबूल केली असेल, तर उद्याच मेल करून ती पुढे ढकला.

माझ्याकडे १६० टनी प्रेसवर ११ डाय (पार्टला आकार देणारे साचे) चालायचे. एक उतरवून दुसरा चढवायचा, शट हाइट (मिटलेल्या डायची उंची) प्रेसशी जमवायची, पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घ्यायचा, यात तीन तास जायचे. साठा दोन दिवसांचा, म्हणजे प्रत्येक पार्ट दोन दिवसांतून एकदा चालवायलाच हवा. ११ गुणिले ३, नुसत्या सेटिंगचे ३३ तास. आणि दोन दिवसांत दोन शिफ्टचे मिळून माझ्याकडे तास होते ३२. वहीच्या एका ओळीचं हे गणित मी केलं नाही, सल्लागारानेही केलं नाही. आम्ही रॅक रिकामे केले, मोकळ्या जागेत पिवळे पट्टे मारले, फोटो काढून ग्राहकाला पाठवले. फाइलवर शेरा आला ‘उत्तम’.

पुढचे दोन महिने सेटर, म्हणजे डाय बदलणारे कामगार, रात्री थांबून कशीबशी गाडी ओढत होते. मग ऑगस्टमधल्या एका बुधवारी संध्याकाळी सात वाजता ग्राहकाच्या परचेसकडून फोनवर मेसेज आला, उद्या डाव्या ब्रॅकेटचे ३०० जास्त लागतील, उजवे कमी चालतील. आमच्याकडे गुरुवारची सुट्टी, डाय उजव्याचा चढलेला. मी ‘ओके सर’ लिहिलं. पोरांना थांबवून रात्रभर माल काढला, पहाटे छोटा हत्ती भरून रवाना केला. पाऊस होता, मोशीच्या पुढे गाड्या जागच्या हलत नव्हत्या. ग्राहकाची लाईन ३५ मिनिटं थांबली. नऊ दिवसांनी डेबिट नोट, म्हणजे बिलातून कापायच्या रकमेचा कागद, आली ३,४०,००० रुपयांची. त्या वर्षीच्या माझ्या जवळपास चार महिन्यांच्या नफ्याएवढी.

पैशापेक्षा मला ग्राहकाच्या ऑफिसने जास्त दमवलं. परचेस म्हणे प्लॅनिंगला भेटा. प्लॅनिंग म्हणे लाईन थांबल्याची नोंद प्रॉडक्शनकडे. प्रॉडक्शन म्हणे आम्ही व्हेंडरशी बोलत नाही, परचेसमधून या. पाच महिने मी त्या गेटवर पास काढून बसायचो. मेलवरच्या शेड्यूलप्रमाणे माझा पुरवठा शंभर टक्के होता, तो कागद प्रत्येक टेबलावर ठेवला. शेवटी एक साहेब म्हणाले, “मेलवर बदल नव्हता हे मान्य, पण मग तुम्ही मेसेजला ओके का लिहिलं?” विषय तिथेच मिटला. डेबिट बिलातून कापलं गेलं.

म्हणून माझं मत ठाम आहे, कोणाला टोकाचं वाटलं तरी. साठा ही सगळ्यात शेवटी कमी करायची गोष्ट आहे. आधी सेटअपचा, म्हणजे डाय बदलायचा, वेळ खाली आणा, मग ग्राहकाकडून गोठवलेलं, म्हणजे ठरल्यावर न बदलणारं, शेड्यूल मिळवा, आणि ही दोन्ही कामं झाल्यावर रॅकला हात लावा. टोयोटाचं नाव घेऊन आपल्याला जे शिकवतात त्यांनी टोयोटाचा क्रमच पाहिलेला नसतो. टोयोटाचे इंजिनिअर ताइइची ओनो यांनी हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या मशीन शॉपपासून सुरू केलं. पुरवठादारांपर्यंत कानबान पोचायला १९६० चं दशक उजाडलं. १९६९ मध्ये त्यांच्या १००० टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत होते. सल्लागार शिगेओ शिंगो यांनी तिथल्या लोकांबरोबर बसून तो वेळ आधी ९० मिनिटांवर आणि पुढे ३ मिनिटांवर आणला. शिवाय तिथे लाईनवरच्या गाड्यांची सरमिसळ आधी सपाट केलेली असते, आज सगळ्या पांढऱ्या आणि उद्या सगळ्या डिझेल असं करत नाहीत. मागणी अशी सपाट असेल तरच पुरवठादाराचा कमी साठा टिकतो. मागणी वेडीवाकडी ठेवून साठा कमी करायला सांगणं म्हणजे ग्राहकाच्या स्टोअरमधला माल माझ्या शेडमध्ये आणणं आणि वर व्याजही मलाच भरायला लावणं.

१ फेब्रुवारी १९९७ ला जपानमधल्या कारियामध्ये टोयोटाचा पुरवठादार आयसिनच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथेच बनायचा आणि टोयोटाकडे साठा होता जेमतेम काही तासांचा. कारखाने बंद पडले. पण आसपासच्या दोनशेच्या वर कंपन्यांनी, त्यात शिलाई मशीन बनवणारी ब्रदरसुद्धा होती, ड्रॉइंग घेऊन तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला, पैशाचं बोलणं नंतर केलं, आणि आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. हे नातं जिथे आहे तिथे काही तासांच्या साठ्यावर झोप लागते. आणि २०११ च्या भूकंपानंतर टोयोटानेच चिप पुरवठादारांना काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. साठा म्हणजे पाप, असं टोयोटासुद्धा मानत नाही.

आता कामाचं. एका सेटअपचा मोबाइलवर पूर्ण व्हिडिओ काढा, मध्ये बंद करू नका. मी काढला तेव्हा तीन तासांतले सव्वा तास माणूस क्लॅम्प, पॅकिंग आणि पाना शोधत फिरत होता. पुढचा डाय आधीच ट्रॉलीवर आणून ठेवणं, सगळ्या डायना खाली प्लेट लावून शट हाइट एकसारखी करणं, क्लॅम्पची जाडी एक करणं, एवढ्यावर पाच महिन्यांत आम्ही ४० मिनिटांवर आलो. खर्च मुख्यतः प्लेटचा. सेटरला सोबत घ्या, त्याच्यावर घड्याळ धरू नका, नाहीतर तो व्हिडिओपुरतं वेगळं काम करेल.

ग्राहकाला लेखी विचारा की किती दिवसांचं शेड्यूल बदलणार नाही. तीन दिवस मिळाले तरी पुष्कळ. फोनवर बदल आला की ‘ओके’ न लिहिता, ‘मेलवर पाठवा, किती देऊ शकतो ते कळवतो’ एवढंच लिहा.

किती बिन (माल ठेवायचे खोके) भरून ठेवायचे, त्याचा हिशेब साधा आहे. रोज ४०० नग, माल भरून यायला २ दिवस, २५ टक्के सुरक्षा, बिनमध्ये ४० नग, तर ४०० × २ × १.२५ भागिले ४०, म्हणजे २५ बिन. भरून यायच्या वेळात पुणे-नाशिक रस्त्याचा सगळ्यात वाईट दिवस धरा, सरासरी नको. दर महिन्याला एक-दोन बिन काढत जा, माल तुटायला लागला की थांबा. कॉइलचा (पत्र्याच्या गुंडाळ्यांचा) साठा यात मोजू नका, स्टीलवाला तुम्हाला दोन दिवसांपुरतं कापून देणार नाही.

हा अनुभव शीटमेटलचा आहे, कास्टिंग किंवा मोल्डिंगवाल्यांचं गणित वेगळं पडेल. तुमचा ग्राहकही माझ्या ग्राहकापेक्षा चांगला असू शकतो, तसे आहेत, आज मी अशाच एकाला माल देतो. जाता जाता, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी नसेल तर करून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल करारानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत चुकवावं लागतं. २०२३-२४ पासून उशीर झाला तर ग्राहकाला तो खर्च आयकरात पैसे देईपर्यंत धरता येत नाही. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू ते सीएकडून विचारून घ्या.

व्हिडिओ काढलात की शोधाशोधीत किती मिनिटं गेली, बोल्ट आवळण्यात किती आणि पहिला पीस पास होण्यात किती, हे तीन आकडे इथे लिहा. माझ्याकडे ११ डायच्या वेळांची जुनी वही आहे, ताडून सांगतो.