टाका घालावा की डिंक लावावा? फेल्टकामाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात फेल्टच्या पुस्तकखुणा करण्याची कृती दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे अनेकांना उपयोगी पडतील, अशी चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : पाडव्याला दरवर्षी वापरता येईल असे तोरण फेल्टचे करावयाचे आहे. मला शिवण जेमतेम येते. सामान किती लागेल, आणि सगळे डिंकाने चिकटवले तर चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : फेल्ट विणलेले नसते, त्यातले तंतू एकमेकांत दाबून गुंतवलेले असतात. त्यामुळे कापलेल्या कडेचे दोरे निघत नाहीत आणि कड दुमडून शिवावी लागत नाही. जेमतेम शिवण येणाऱ्यासाठी याहून सोयीचे कापड नाही. तीन फुटी दारासाठी एक मिलिमीटर जाडीच्या, ए-फोर आकाराच्या तीन शीट पुरतात : हिरव्या रंगाच्या दोन छटांची एकेक आणि एक केशरी.

आंब्याच्या पानाचा नमुना चौदा सेंटीमीटर लांब व पाच सेंटीमीटर रुंद असा पुठ्ठ्यावर काढून कापून घ्यावा. एका शीटमधून अशी आठ पाने निघतात, आपल्याला अकरा लागतील. प्रत्येक पान उभे दुमडून घडीलगत देठापासून टोकापर्यंत बारीक धावदोरा घालावा. पान उघडले की मधली शीर उठून दिसते आणि पान खऱ्यासारखे किंचित पन्हाळीदार राहते. चिकटवून ही शीर साधत नाही.

झेंडूसाठी केशरी शीटच्या लांबीइतक्या, चार सेंटीमीटर रुंदीच्या पाच पट्ट्या कापाव्यात. पट्टी उभी दुमडून तिच्या दोन्ही मोकळ्या कडा एकत्र शिवाव्यात आणि घडीच्या बाजूने अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर काप द्यावेत. मात्र काप शिवणीपर्यंत नेऊ नयेत, अर्धा सेंटीमीटर अलीकडे थांबावे. मग पट्टी एका टोकापासून घट्ट गुंडाळत, दर वेढ्याला तळाशी एक टाका घेत जावे. घडी न उलगडल्यामुळे प्रत्येक पाकळी गोलसर राहते आणि फूल भरगच्च होते. पाने आठ-आठ सेंटीमीटरवर नाडीला शिवावीत, आणि एक जागा सोडून एका जागी त्यांच्यामध्ये फूल बसवावे.

डिंकाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : टिकावयाच्या वस्तूला टाकाच घालावा. पातळ पांढरा डिंक फेल्टमध्ये झिरपतो, वाळल्यावर कडक डाग पडतो, आणि त्या जागी पुढे सुईही नीट जात नाही. लहानसहान मणी किंवा टिकल्या डिंकाने लावण्यास हरकत नाही.

प्रश्न : फेल्टच्या चकत्या करून जेवणाच्या टेबलावर गरम भांड्यांखाली ठेवता येतील का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : स्टेशनरीच्या दुकानात रंगीत शीट म्हणून मिळते ते फेल्ट बहुधा पॉलिएस्टरचे असते, आणि ते गरम कढईखाली मुळीच ठेवू नये. ते मऊ होऊन वितळते व टेबलाला किंवा भांड्याला चिकटते. थंड सरबताच्या पेल्यांखाली त्याच चकत्या खुशाल वापराव्यात. गरम भांड्यासाठी शुद्ध लोकरीचे, किमान पाच मिलिमीटर जाडीचे फेल्ट घ्यावे. शंका असल्यास नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून, खाली स्टीलचे ताट व शेजारी पाणी ठेवून, मोठ्या माणसाने जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, तर पॉलिएस्टर आक्रसून त्याचा कडक मणी होतो. याच कारणाने वरील तोरणही समईपासून दूर बांधावे, आणि चुरगळल्यास त्यावर सुती कापड घालून, मंद इस्त्रीनेच सरळ करावे.

प्रश्न : घरात जुने लोकरीचे स्वेटर पडून आहेत. त्यांपासून फेल्ट करता येते असे ऐकले, ते खरे आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : खरे आहे, आणि मला हे काम सर्वांत आवडते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम साबणाच्या पाण्यात चोळले की ते उघडून एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. काश्मीर, राजस्थानातील टोंक आणि कच्छ येथील नमदे, म्हणजे फेल्टची जाजमे, याच गुणावर तयार होतात : मोकळी लोकर पसरून, साबणाचे पाणी शिंपडून, गुंडाळी करून ती दाबत राहायची. आपल्याकडची घोंगडी मात्र मागावर विणलेली असते, ती नमद्यासारखी थेट मोकळ्या लोकरीतून दाबून केलेली नसते.

स्वेटर शुद्ध लोकरीचा हवा. ॲक्रिलिकचा स्वेटर कितीही चोळला तरी त्याचे फेल्ट होत नाही, आणि ज्याच्या पट्टीवर यंत्रात धुण्याजोगी लोकर असे लिहिलेले असते तोही सहसा दाद देत नाही. हातमोजे घालून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात विणीचे टाके दिसेनासे होईपर्यंत चोळावे, मग थंड पाण्यात खळबळून सपाट वाळवावे. कापड आटून जाड होते, तेव्हा मापे वाळल्यानंतरच घ्यावीत. त्याची सुया टोचून ठेवण्याची वही फार छान होते : तळहाताएवढे तीन-चार तुकडे एकावर एक ठेवून मधोमध शिवावेत, आणि वरच्या तुकड्याच्या कडेला दोनपदरी रेशमाने काजटाका घालावा.

प्रश्न : लोकरीच्या फेल्टच्या वस्तू कोकणातल्या पावसाळ्यात कशा सांभाळाव्यात? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पूर्ण वाळवून, ब्रशने झाडून, घट्ट झाकणाच्या डब्यात डांबरगोळ्यांसह ठेवाव्यात, कारण लोकरीला कसर लागते. डबा मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी असावा. उघडीप मिळेल तेव्हा वस्तू बाहेर काढून त्यांना वारा द्यावा. पॉलिएस्टरच्या फेल्टला कसरीचे भय नाही, ते कोमट पाण्यात हाताने धुऊन, न पिळता, सावलीत सपाट वाळवले की पुरे.