दोन कायचे? किलो का रुपये?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. पट 19. गणिताला चार-चार, पाच-पाच मुलांचे गट केले, पण गटातलं एकच हुशार पोर सोडवतं, बाकीची उतरवून घेतात. ‘कसं केलं, सांग’ म्हटलं की मुलं आधी उत्तर खोडतात. वर मुख्याध्यापकांची तक्रार, वर्गात फार कल्ला होतो. काय करू?

उत्तर : ताई, ते खोडणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. आर्वी तालुक्यात 31 वर्षं मास्तरकी केली. त्यातली कितीतरी वर्षं मी उत्तर चुकलं तरच ‘कसं केलं’ विचारायचो. पोरांनी काय समजायचं मग? बरोबर उत्तरालाही ‘काहून?’ विचारायला लागलो, तेव्हा खोडणं कमी झालं. लगेच नाही; शाळा उघडल्यापासून दिवाळी उजाडली.

गटात बसण्याआधी दोन मिनिटं ज्यानं त्यानं आपल्या पाटीवर करून पाहायचं. हे टाळू नका. जवळ स्वतःचं काहीच नसलं, तर पोर गटात बोलेल काय? आणि गट तिघांचे करा. तुमच्या पटात पाच गट तिघांचे, एक चौघांचा. पाचवं पोर हमखास खिडकीबाहेर पाहत बसतं.

गणित मात्र दोन-तीन वाटांनी सुटणारं हवं. वेचणीच्या दिवसांत मी एक घालायचो : मायनं 38 किलो कापूस वेचला, किलोमागे 8 रुपये, तर मजुरी किती? एकदा एक पोरगी म्हणाली, “तीस आठे 240, आठ आठे 64. झाले 304.” (‘अडतीस’ला ‘तीस आठ’ म्हणायची रीत बालभारतीनं 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आणली तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. पण तसं म्हणणाऱ्या पोराची संख्या तोंडातच फोडून झालेली असते, हे कबूल.) शेजारचा म्हणाला, “मी चाळीस किलो धरले. 320. दोन जास्तीचे होते, ते काढले. 318.”

मी दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली आणि गप्प बसलो. फार कठीण काम आहे हे, जीभ वळवळते. तेवढ्यात गटातली तिसरी, वर्षभर तोंड न उघडलेली, हळूच बोलली, “दोन कायचे? किलो का रुपये?”

पोरगा थांबला. “किलो हायेत... मंग सोळा रुपये जातीन नं!”

चाळीस धरायची त्याची युक्ती फार चांगली होती. मी आधीच ‘चूक’ म्हटलं असतं, तर पुन्हा त्यानं ती काढली नसती. आणि हे सगळं वऱ्हाडीत झालं. ‘नीट मराठीत सांग’ म्हटलं असतं, तर ती तिसरी बोललीच नसती.

हुशार पोराला वेगळं काम द्या : स्वतःची नाही, शेजाऱ्याची रीत सांगायची. ते वैतागेल. वैतागू द्या, त्याशिवाय ते शेजाऱ्याचं ऐकायचं नाही.

राहिला कल्ला. एक दिवस मुख्याध्यापकांनाच एका गटात बसवा, अट एकच : उत्तर सांगायचं नाही. मुख्याध्यापकांना हे फार जड जातं. शेवटची सहा वर्षं मीही तेच होतो, म्हणून सांगतो.