स्कॉटलंडमधला फॉयर्सचा धबधबा जुन्या चित्रांत एवढा धो धो, मग आज बारीक का?

पाणी वरच्या वर वळवलंय म्हणून. 1890च्या दशकात अॅल्युमिनियम कारखान्याच्या विजेसाठी लॉख गार्थ आणि लॉख फॅरलाइन (लॉख म्हणजे तळं) जोडून लॉख मोर हा जलाशय केला; फॉयर्स नदीचं बरंचसं पाणी तेव्हापासून तिकडे जातं. आता तिथे 300 मेगावॅटचं उदंचन जलविद्युत केंद्र आहे: मागणी कमी असताना लॉख नेसचं पाणी वर चढवायचं, गरज पडली की बोगद्यातून खाली सोडायचं. ते पाणी कड्यावरून पडतच नाही. मात्र सलग पावसानंतर 40 मीटरहून उंच खालचा टप्पा अजूनही दणक्यात कोसळतो. तेव्हाच जा, पण पायऱ्या निसरड्या असतात, चप्पल नको.