‘गुड’ला ‘वैध’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे : ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘ओसीएसपी’ (प्रमाणपत्र रद्द झालंय का, हे ऑनलाइन विचारणाऱ्या) कमांडवर मराठीत टिपण लिहायचं आहे. वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची स्थिती तपासली की ‘गुड’, ‘रिव्होक्ड’ किंवा ‘अननोन’ असं उत्तर येतं. त्यांना ‘वैध’, ‘अवैध’ आणि ‘अज्ञात’ म्हटलं तर चालेल का?

‘अज्ञात’ चालेल. बाकीचे दोन नकोत.

‘अवैध’ फारच पसरट आहे. मुदत संपलेलं प्रमाणपत्रही अवैधच आणि भलत्याच डोमेनचंही. ‘रिव्होक्ड’ म्हणजे देणाऱ्याने मुदतीआधीच काढून घेतलेलं. परवान्याच्या बाबतीत आपण ‘रद्द झाला’ आणि ‘मुदत संपली’ यांत गल्लत करत नाही, तोच ‘रद्द’ इथे घ्या. फक्त कारणाच्या ओळीत ‘सर्टिफिकेटहोल्ड’ दिसलं तर ‘स्थगित’ लिहा, कारण ती स्थगिती नंतर उठवता येते.

खरी गोम ‘गुड’मध्ये आहे. या तपासणीत आपण प्रमाणपत्र पाठवतच नाही. जातो तो देणाऱ्याच्या नावाचा हॅश (त्यावरून गणिताने काढलेला छोटा ठसा), त्याच्या सार्वजनिक किल्लीचा हॅश आणि प्रमाणपत्राचा अनुक्रमांक. (म्हणून तर कमांडला ‘इश्युअर’ची, म्हणजे देणाऱ्याच्या प्रमाणपत्राची, फाइल वेगळी द्यावी लागते.) डोमेन जुळतं की नाही, हे उत्तर देणाऱ्या सर्व्हरला कळणार कुठून? २०१३च्या आरएफसी ६९६०नुसार (ओसीएसपीचे नियम ठरवणाऱ्या दस्तऐवजानुसार) ‘गुड’चा किमान अर्थ एवढाच, की त्या अनुक्रमांकाचं, मुदतीत असलेलं कुठलंही प्रमाणपत्र रद्द झालेलं नाही. असं प्रमाणपत्र मुळात दिलं गेलं होतं, याचीसुद्धा त्यात हमी नाही! तेव्हा मी सरळ ‘रद्द नाही’ लिहीन. कानाला रुक्ष लागतं, पण जास्तीचं काही कबूल करत नाही.

त्याच्या जोडीला ‘रिस्पॉन्स व्हेरिफाय ओके’ अशी ओळ येते, तीही पुष्कळदा प्रमाणपत्राच्या खात्यावर जमा होते. ती उत्तरावरच्या सहीबद्दल आहे. प्रमाणपत्र रद्द असलं तरी ती ‘ओके’च येईल. ‘उत्तराची सही पटली’ असं लिहा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण टिपणात लागेलच : ‘रिस्पॉन्डर एरर : अनऑथराइज्ड (६)’. ‘इश्युअर’ची फाइल चुकली की हे बऱ्याचदा दिसतं. ‘अनधिकृत’ लिहिलंत तर वाचणारा स्वतःची परवानगी शोधत बसेल. तसाही एक अर्थ आहे, पण बहुतेक वेळा सांगायचं असतं ते ‘या प्रमाणपत्राबद्दल बोलण्याचा अधिकार या सर्व्हरला नाही’. वाक्य लांबलं तरी हेच ठेवा.